रापण आणि आवर्तसारणी

मी बी.ए. मराठी. जन्मभर व्याकरण आणि कविता शिकवल्या. आता मी रसायनशास्त्रावर लिहितेय म्हटल्यावर आमचे चिरंजीव फोन करून हसणार. हसू देत.

झालं असं, की शेजारची दहावीतली मुलगी बालभारतीचं विज्ञानाचं पुस्तक घेऊन आली. (तिची आई माझी विद्यार्थिनी, तेव्हा बाईंना सगळं येतं असा त्या घरात समज आहे!) धडा 'मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण'. "आजी, पाठ झालंय, पण पटत नाही. मी अकरावीला आर्ट्सच घेणार." काय पटत नाही? तर आडव्या ओळीत, म्हणजे आवर्तात, डावीकडून उजवीकडे जाताना अणू लहान होतो. पण दर घराला एक इलेक्ट्रॉन वाढतो, मग अणू मोठा नको का व्हायला? सोडियमची त्रिज्या १८६ पिकोमीटर आणि त्याच ओळीतल्या क्लोरीनची ९९!

आर्ट्स काही वाईट नाही, मीही तिथलीच. पण जिला हे खटकतं, तिनं विज्ञान सोडावं हे मला पटेना. दोन दिवस मीच तो धडा घेऊन बसले.

मग तिला भाट्याच्या किनाऱ्यावर नेलं. रापण तिनं लहानपणापासून पाहिलेली. म्हटलं, जाळं म्हणजे सर्वांत बाहेरची कक्षा आणि काठावर दोर ओढणारी माणसं म्हणजे केंद्रकातले प्रोटॉन. सोडियमकडे ओढणारे ११, क्लोरीनकडे १७. जाळं दोघांचंही तिसऱ्याच कक्षेत. मग कुणाचं जाळं काठाजवळ येईल? "क्लोरीनचं!" इलेक्ट्रॉन वाढले तरी ते त्याच कक्षेत बसतात, ओढ मात्र वाढते. आणि उभ्या गणात खाली गेलं की दर वेळी नवी कक्षा, म्हणजे जाळंच आणखी खोल समुद्रात. मधल्या कक्षांची आडकाठी वेगळीच. तिथे माणसं वाढूनही ओढ पुरत नाही, म्हणून अणू मोठा.

एवढं कळल्यावर पुढचं तिचं तिनंच लावलं. सोडियमचा बाहेरचा एकुलता इलेक्ट्रॉन सैल, त्याखालच्या पोटॅशियमचा त्याहून सैल; म्हणून पाण्यात टाकल्यावर पोटॅशियम जास्त भडकतं. क्लोरीनच्या गणात उलट. तिथे द्यायचं नाही, घ्यायचं असतं, आणि छोट्या अणूची ओढ जास्त, म्हणून सर्वांत वरचा फ्लोरीन सर्वांत हावरा. सोडियमनं दिलं, क्लोरीननं घेतलं, की झालं मीठ. एक पाण्यात पेट घेणारा धातू, दुसरा विषारी वायू, आणि दोघांचं मिळून आपण कैरीला लावतो ते!

इथे एका शब्दापाशी मात्र मीच अडखळले. इलेक्ट्रॉन गमावणं म्हणजे ऑक्सिडीकरण आणि मिळवणं म्हणजे क्षपण. क्षपण म्हणजे तर घट, आणि इथे मिळकत! मग लक्षात आलं, की इलेक्ट्रॉनचा प्रभार ऋण. तो आला की प्रभार घटतो. शब्द बरोबर आहे, पण मुलांना हे कुणीतरी सांगायला हवं ना. अकरावीत त्याचं 'रिडक्शन' होईल तेव्हाही तिला हेच उपयोगी पडेल.

आणि मेंडेलीव्ह! १८६९ साली सारणी मांडताना या रशियन गृहस्थांनी न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी जागा मोकळ्या ठेवल्या आणि नावं दिली ती आपल्या संस्कृतातला 'एक' लावून: एक-ॲल्युमिनियम, एक-सिलिकॉन. पहिलं १८७५ मध्ये गॅलियम म्हणून सापडलं, दुसरं १८८६ मध्ये जर्मेनियम म्हणून. हे ऐकून पोरगी म्हणाली, "म्हणजे हे तुमच्याच विषयातलं की, आजी."

आर्ट्सचं नाव आठवडाभर निघालेलं नाही. काल नवीनच विचारत होती: हायड्रोजन एक इलेक्ट्रॉन देतोही आणि घेतोही, मग त्याला सोडियमच्या डोक्यावर का बसवलंय, फ्लोरीनच्या का नाही? म्हटलं, परवा ये. तोवर वाचते.