खाडीतला घाट

शुभवर्तमान उघडावे आणि पानोपानी पाणी लागू नये, असे सहसा होत नाही. प्रभूने पहिल्या शिष्यांना हाक मारली ती सरोवराच्या काठावर. लोकसमुदाय दाटला तेव्हा त्याने प्रवचनासाठी पेत्राच्या होडीचा आसरा घेतला. पुनरुत्थानानंतर भल्या पहाटे शिष्यांसाठी निखाऱ्यांवर मासळी भाजली, तीही किनाऱ्यावरच. वसई-उत्तनच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही, कारण त्यांच्या अंगणातच जाळी वाळत असतात. आम्ही मात्र पडलो बुलढाणा जिल्ह्यातली माणसे. समुद्र आमच्यापासून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर. घाटावर आणि घाटाखाली अशी आमच्या जिल्ह्याची दोन अंगे. दोन्हीकडे बोलणे निघते ते पावसाचे, कपाशीचे आणि सोयाबीनच्या भावाचे. आमचे जगप्रसिद्ध पाणी म्हणजे लोणारचे सरोवर. उल्केच्या आघाताने झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरातले ते खारे पाणी २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झाले, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. पण त्याच्या काठी कोळीवाडा कधी वसला नाही.

वारा आम्हाला ठाऊक होता तो खळ्यावरचा. तिपाईवर उभे राहून धान्य उपणताना वारा पडला की माणसे सूप हातात धरून त्याची वाट पाहत उभी राहतात. तो आला की भूस उडते आणि दाणे पायाशी पडतात. आमच्यासाठी वारा हा असा सोबत काम करणारा गडी. वादळ शांत करणाऱ्या प्रभूची कथा आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात लहानपणापासून ऐकली. पण त्या होडीतल्या माणसांचे काळीज कसे हलले असेल, हे आमच्या आवाक्याबाहेरचे होते.

पुढे आमची धाकटी लेक परिचारिका झाली, नोकरीनिमित्त वसईस गेली आणि किल्लाबंदरच्या एका कोळी ख्रिस्ती घरात तिचे लग्न झाले. घर देवभीरू, माणसे मायाळू. तरीही आमच्याकडच्या एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी लग्नाच्या मांडवातच म्हटले, "लोक मुलीला विहिरीत लोटतात, तुम्ही तर समुद्रातच लोटलीत." ते थट्टेने बोलले, आमच्या मनात मात्र ते शब्द रुतून बसले. जावईबापूंची बोट खोल समुद्रात जाते आणि कधी कधी आठवडा आठवडा परतत नाही. वेधशाळेचा इशारा हा शब्द आमच्या घरात आला तो तेव्हापासून.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले. इशारा वेळेवर मिळाल्यामुळे जावईबापूंची बोट बंदरात सुखरूप होती. त्याच वादळात भर समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला आणि सत्तरांहून अधिक माणसांना जलसमाधी मिळाली. आम्ही उभयतां दूरदर्शन संचासमोर बसून होतो. लेकीचा संसार वाचला म्हणून देवाचे आभार मानत होतो आणि पडद्यावरची नातलगांची तोंडे पाहून आभाराचे शब्दही घशात अडकत होते.

पुढच्या वर्षी ईस्टरला आम्ही वसईस गेलो. आमच्या मनातली भीती व्याह्यांनी न सांगता ओळखली होती. ते म्हणाले, "व्याहीबुवा, समुद्र लांबून पाहिला की जास्त भिववतो. एकदा होडीत बसून बघा."

ईस्टरचा दिवस चंद्रावरून ठरतो, हे आपण जाणतोच. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार तो ईस्टर. भरती-ओहोटीचे पंचांगही त्याच चंद्राचे, हे मात्र आम्हाला व्याह्यांनी शिकवले. पौर्णिमा-अमावास्येला त्यांच्या किनाऱ्यावर दुपारी बाराच्या आगेमागे पूर्ण भरती येते आणि पुढे दररोज पाऊण तासाच्या आसपास ती उशिरा येत जाते. २०२२ साली पौर्णिमा १६ एप्रिलला होती आणि ईस्टर १७ ला. म्हणून सोमवारी, १८ तारखेला, दुपारी एकच्या सुमारास पाणी पूर्ण चढेल आणि मग उतरू लागेल, असा त्यांचा हिशेब. चढत्या पाण्याबरोबर खाडीत आत जायचे आणि उतरत्या पाण्याबरोबर घरी यायचे.

होडी सुमारे पंचवीस फुटांची, बिनइंजिनाची. आता बंदरातल्या बहुतेक बोटी यंत्रावर चालतात. ही एक त्यांनी वडिलांची आठवण म्हणून आणि खाडीतल्या किरकोळ मासेमारीसाठी राखली आहे. नाळेवर रंगाने काढलेला क्रूस, मध्ये डोलकाठी, तिच्यावर तिरप्या काठीला बांधलेले ठिगळांचे शीड. व्याह्यांनी पाण्यात बोटे बुडवून क्रूसाची खूण केली आणि सुकाणू हाती घेतले. जावईबापूंनी शिडाचा दोर धरला. आम्हा दोघांना जीवरक्षक जॅकेटे घालून मधल्या फळीवर बसवण्यात आले, आणि लेक आमच्या समोर.

जाताना सारे सुखाचे होते. उल्हास नदीचे हे मुख रुंद आणि संथ दिसत होते. किल्ल्याचे बुरूज हळूहळू मागे सरकले. त्याच तटांच्या आत संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचे चर्च आहे. हा वसईचा मुलगा मिसरूडही फुटले नसताना शिडाच्या जहाजाने जपानच्या वाटेला लागला, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर हुतात्मा झाला आणि १८६२ मध्ये संतपदी पोहोचला. त्याची आई येथलीच. लेकरू समुद्राच्या हवाली करणाऱ्या आईबापांची रांग आमच्यापाशी सुरू होत नाही, एवढे त्या बुरुजांकडे पाहताना मनात आले. पाणजू बेटाजवळ रेल्वेचा पूल दिसला. तेथे आम्ही भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. पाणी चढायचे थांबले, क्षणभर निश्चल झाले आणि उलटे वाहू लागले.

परतीची वाट निराळी निघाली. दुपारचा खारा वारा वायव्येकडून जोराने सुटला होता. ओहोटीचे पाणी समुद्राकडे धावत होते आणि वारा समुद्राकडून येत होता. दोघांची जेथे टक्कर होते तेथे लाटा आखूड आणि उभ्या होतात. होडीची नाळ उचलली जाई, आपटे आणि खारे पाणी तोंडावर येई. मुलीच्या आईने विचारले, "वारा समोरून आहे आणि घरही समोरच. मग जायचे कसे?" व्याही म्हणाले, "सरळ जायचेच नाही."

शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. चांगल्या होडीलाही वाऱ्याशी सुमारे ४५ अंशांचा कोन ठेवावा लागतो. जुन्या घाटणीच्या होडीला त्याहून अधिक. शीड ओढून धरले की वारा होडीला आडवी ढकलू पाहतो, पण पाण्यात बुडालेला लांब तळ तिला आडवे सरकू देत नाही. मग ती तिरपी पुढे घसरते. काही अंतर असे उजवीकडे जायचे, मग शीड दुसऱ्या कुशीवर घेऊन डावीकडे. आम्हाला एकदम राजूर घाट आठवला. मलकापूरहून बुलढाण्यास येणारी गाडी डोंगराला कधी छाती लावत नाही. वळणे घेत घेत वर चढते आणि प्रत्येक वळणावर गाव मागे गेल्यासारखे वाटते. वारा हा खाडीतला घाट होता.

आणि या घाटात आमची लेक आमच्याहून पुष्कळ पुढे होती. ओढणी कमरेला खोचून ती डब्याने पाणी उपसत होती. शीड पालटले की कोणी न सांगता वरच्या कडेला सरकत होती. "आई, पाय इकडे घे. कड धरू नकोस, आडवी फळी धर," असे ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात चुलीपुढे बसून बोलावे तसा शांतपणा होता. घाटावर वाढलेल्या या मुलीच्या हातांना पाण्याची ओळख झाली होती. पाहुणी म्हणून ती तेथे राहत नव्हती.

किल्ला पुन्हा जवळ दिसू लागला तेव्हा मागे एक लहान होडी आढळली. आत दोघे जण होते. एक वल्हे मोडलेले. लाटांवर ती आडवी होऊन हेलकावत होती. व्याह्यांनी एक शब्दही न बोलता सुकाणू फिरवले. मोठ्या कष्टाने जिंकलेले पाणी आम्ही काही क्षणांत मागे टाकले. घर डोळ्यांसमोर होते आणि आमची होडी त्याच्याकडे पाठ करून चालली होती. मुलीच्या आईच्या तोंडून निघून गेले, "आपली होडी आधी पोहोचवू या ना!"

"खाडीत आपली आणि परकी होडी नसते, विहीणबाई," व्याही म्हणाले. मग दोर धरलेल्या मुलाकडे मानेने खूण करून पुढे म्हणाले, "आज त्यांची आहे, उद्या याची असेल."

जावईबापूंनी दूरध्वनीवरून बंदरात कळवले. इंजिनाची बोट येईपर्यंत आम्ही त्या होडीच्या आसपासच फिरत राहिलो. तिला दोर लागला, तिच्यातल्या दोघांनी हात हलवला आणि मग आम्ही पुन्हा त्याच घाटाला लागलो. किल्लाबंदरला उतरलो तेव्हा पाचाचा सुमार होता. अंग भिजलेले, ओठांवर मीठ.

त्या रात्री व्याह्यांच्या घरी आम्ही संत मार्काच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय काढला. गालील सरोवर सुमारे २१ किलोमीटर लांब आणि १३ किलोमीटर रुंद आहे. समुद्रसपाटीच्या २०० मीटरहून अधिक खाली, डोंगरांच्या कुशीत असल्यामुळे तेथे वारा अचानक उतरतो. १९८६ साली दुष्काळात त्याचे पाणी हटले तेव्हा किनाऱ्याच्या चिखलात प्रभूच्या काळातली एक होडी सापडली. तिची लांबी आठ मीटरांहून थोडी अधिक, म्हणजे जवळजवळ आमच्या व्याह्यांच्या होडीएवढी. आणि तिच्या दुरुस्त्यांत बारा जातींचे लाकूड वापरलेले. कोणा गरीब कोळ्याने मिळेल त्या फळीने ती तगवली होती. हे वाचून व्याही हसले आणि आपल्या शिडाच्या ठिगळांविषयी काहीसे पुटपुटले.

पण आमचे लक्ष गेले ते एका बारीकशा उल्लेखाकडे. त्या संध्याकाळी प्रभूच्या होडीबरोबर आणखीही होड्या निघाल्या होत्या, असे मार्क सांगतो. त्यांत कोण होते, ते किती घाबरले, याविषयी तो पुढे काहीच लिहीत नाही. मात्र वारा थांबला तो काही एका होडीपुरता थांबला नसेल. ज्यांच्या होडीत प्रभू निजला नव्हता, त्यांच्याही शिडांवरचा भार त्याच क्षणी उतरला असेल. समुद्राकाठच्या माणसांना हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. ते होडी वळवतात.

आमची भीती त्या दिवसाने संपली नाही. वाऱ्याचा आकडा ऐकला की आजही हात जपमाळेकडे जातो. परंतु आमची लेक एका होडीच्या भरवशावर नाही, तिच्या दाराशी एक सारे बंदर उभे आहे, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले आहे. घरच्या रोझरीच्या शेवटी पूर्वी जावईबापूंच्या नावाने एक 'नमो मरिया' म्हटली जाई. आता समुद्रतारका असलेल्या आपल्या मातेला आम्ही, त्या रात्री पाण्यावर असतील तेवढ्या सगळ्या होड्यांसाठी म्हणून, ती प्रार्थना करतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि घाटावर पेरणीची धांदल चालते. त्या दिवसांतही हे मागणे चुकत नाही. कोठल्या ना कोठल्या पाण्यावर कोणाचे ना कोणाचे लेकरू असतेच.