सात आण्यांची जमीन

अमेरिकेत जुनं घर घ्यायला निघालेल्या माणसाला सगळे जण तीन गोष्टी तपासायला सांगतात. तळघरात पाणी येतं का, छप्पर किती वर्षांचं आहे आणि शाळा कशी आहे. चौथी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आपण जी जमीन विकत घेतोय ती नेमकी कुठून कुठपर्यंत आहे? ते काय, दिसतंच की! हे कुंपण, तो ड्राइव्हवे, ते लायलॅकचं झुडूप. झालं.

तर आज या चौथ्या गोष्टीबद्दल.

ॲन आर्बरमधल्या घरांच्या किमती ऐकून आम्ही हळूहळू पश्चिमेकडे सरकत गेलो आणि डेक्स्टरला येऊन थांबलो. हुरॉन नदीच्या काठचं हे गाव 1824 साली वसलं. 2014 पर्यंत ते कायद्यानेही 'व्हिलेज'च होतं, मग 'सिटी' झालं. आपल्याकडे ग्रामपंचायतीची नगरपंचायत होते, साधारण तसंच. जुन्या वस्तीतलं एक लाकडी घर आम्हाला आवडलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचं बांधकाम, पुढे ओट्यासारखा ऐसपैस पोर्च, मागे अक्रोडाचं झाड. कागदावर प्लॉटचं माप होतं 66 फूट बाय 132 फूट.

हे आकडे मी फोनवर बाबांना सांगितले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचा हिशेब अजून तोंडावर असतो. दोन सेकंद शांतता, आणि मग, "अरे, म्हणजे बरोब्बर आठ गुंठे की!"

मी कॅल्क्युलेटर काढला. 8712 चौरस फूट, भागिले 1089. आठ! दशांश चिन्हानंतर काही म्हणजे काही नाही.

हा योगायोग नाही, त्यामागे चारशे वर्षांचा इतिहास आहे. 1620 च्या सुमारास एडमंड गंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाने जमीन मोजायला 66 फुटांची, शंभर कड्यांची साखळी ठरवून दिली. ऐंशी साखळ्या म्हणजे एक मैल, दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. स्वतंत्र झालेल्या अमेरिकेने 1785 च्या कायद्याने पश्चिमेकडची जमीन मोजायला घेतली, ती याच साखळीने. सहा मैल बाय सहा मैलांचे चौकोन, त्यात 36 तुकडे, एकेक तुकडा 640 एकरांचा. विमानातून बघितलं तर इथली शेतं वहीतल्या चौकटीसारखी दिसतात, ती त्यामुळेच. आणि गावं आखली तेव्हा रस्ता एक साखळी रुंद, प्लॉट एक साखळी रुंद आणि दोन साखळ्या खोल, हा अगदी सोयीचा हिशेब होता.

तिकडे मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी 1836 मध्ये इंदापूर तालुक्यापासून नव्या मोजणीला सुरुवात केली. आपल्याकडची साखळी निम्मी, 33 फुटांची. तिचे सोळा भाग, म्हणजे सोळा आणे. एक साखळी बाय एक साखळी म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. थोडक्यात काय, डेक्स्टरचा प्लॉट आणि इंदापूरचं शेत हे एकमेकांचे चुलतभाऊच.

असो. मुद्द्याकडे येतो.

कर्ज देणारी बँक घराचा एक 'मॉर्टगेज सर्व्हे' करून घेते. नाव भारदस्त असलं तरी तो एका पानाचा आराखडा असतो. घर साधारण प्लॉटच्या आत आहे एवढंच बँकेला हवं असतं. या आराखड्यावरून कुंपण घालू नये किंवा बांधकाम करू नये, असं त्याच्या खालीच बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. बरं, मालकी हक्काचा विमा काढतात, त्याचं काय? त्यातही बहुधा एक अपवाद असतो: प्रत्यक्ष मोजणी केली असती तर जे कळलं असतं, त्याची जबाबदारी आमची नाही! म्हणजे बँक बँकेपुरतं बघते, विमा कंपनी स्वतःपुरतं बघते, आणि कोपऱ्यात खुंटी ठोकून 'ही तुमची हद्द' असं सांगणारा माणूस घेणाऱ्याने स्वतः बोलवायचा असतो.

आम्हाला त्याची गरजही होती. आईचे गुडघे आता जिने चढू देत नाहीत. ती आणि बाबा सहा-सहा महिने आमच्याकडे येऊन राहतात. घराच्या पूर्वेच्या बाजूला तळमजल्यावर एक खोली आणि न्हाणीघर वाढवायचं, हे घर बघितलं त्या दिवशीच आम्ही मनात ठरवलं होतं. पण बांधकाम हद्दीपासून ठरावीक अंतर सोडूनच करावं लागतं. ते अंतर मोजायचं तर आधी हद्द कुठे आहे ते नको का कळायला? "छप्पर तपासायला पैसे दिलेस ना, मग जमीन तपासायला का मागेपुढे बघतोस?" बायकोने विचारलं, आणि बाराशे डॉलर देऊन आम्ही परवानाधारक सर्व्हेअर बोलावला. आमच्या खरेदी करारात तपासणीसाठी मुदत होती, तिच्या आतच हे काम उरकायचं होतं.

तो दिवस मी मुद्दाम रजा काढून बघत बसलो. सर्व्हेअरकडे खांबावर बसवलेला जीपीएस रिसीव्हर होता, सेंटिमीटरच्या हिशेबात जागा सांगणारा. पण सकाळचा बराचसा वेळ तो हातात लोखंड शोधायचं यंत्र आणि फावडं घेऊन फिरत होता. यंत्र किंचाळलं की खणायचं. एकदा खिळा निघाला, एकदा घोड्याची नाल, आणि मग फूटभर खाली एक गंजका लोखंडी पाइप. तो बघून स्वारी खूष! म्हणाला, उपग्रहापेक्षा हा पाइप मोठा. मूळ आखणीची खूण जागेवर सापडली, तर कागदावरचा आकडा तिच्यापुढे नमतो, आकड्यापुढे खूण नमत नाही.

मी संशोधन करणारा इंजिनीयर. माझ्या धंद्यात नवं, अचूक उपकरण आलं की जुनं माप रद्द होतं. इथे नेमकं उलटं. याचं कारण मिशिगनमध्ये समजायला सोपं आहे. या राज्याच्या सगळ्या मोजणीचा आरंभबिंदू ॲन आर्बरपासून तासाभराच्या अंतरावर, एका छोट्या उद्यानात आहे. आणि तिथे एक नाही, दोन बिंदू आहेत! पूर्वेकडून आलेली आधाररेषा आणि पश्चिमेकडची आधाररेषा एकमेकींना भेटतच नाहीत, मध्ये सुमारे 935 फुटांचा फरक आहे. जंगल आणि दलदल तुडवत माणसांनी साखळ्या ओढल्या होत्या, चुका होणारच. पण त्या रेघांवर जमिनी विकल्या गेल्या, घरं उभी राहिली. आता ती चूक हीच हद्द. डेट्रॉइटचा प्रसिद्ध एट माइल रोड याच पूर्वेकडच्या आधाररेषेवर आहे. तो कोण सरकवणार?

संध्याकाळपर्यंत चारही कोपऱ्यांत गुलाबी फीत बांधलेल्या खुंट्या उभ्या राहिल्या. पश्चिम, उत्तर, दक्षिण ठीक. पूर्वेचं तारेचं कुंपण मात्र कागदावरच्या हद्दीच्या साडेतीन फूट आत, म्हणजे आमच्या बाजूला होतं. कागदावर रुंदी 66 फूट, प्रत्यक्षात साडेबासष्ट.

कुंपणापलीकडे एक आजीबाई एकट्या राहतात. त्यांचा ड्राइव्हवे कुंपणाला अगदी चिकटून गॅरेजपर्यंत जातो. साडेतीन फूट काढून घेतले तर त्यांची गाडी गॅरेजमध्ये जाणार नाही. त्या गुलाबी फितीकडे खिडकीतून बघत होत्या.

माझ्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं, ते सरळ सांगतो. दोन सेंटिमीटरच्या आत अचूक मोजमाप माझ्या हातात आहे, म्हणजे जमीन आमची, विषय संपला. इंजिनीयरला हे उत्तर आवडतं. पण याच ॲन आर्बरमध्ये राहणाऱ्या एका माणसाने या उत्तराला दीडशे वर्षांपूर्वी खोडून ठेवलंय. थॉमस कूली हे मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि इथल्या युनिव्हर्सिटीत कायद्याचे प्राध्यापक. स्टेट स्ट्रीटवर त्यांचं घर होतं, तिथे आज मिशिगन युनियनची इमारत आहे. 1878 मध्ये त्यांच्यासमोर डेट्रॉइटचा एक खटला आला. जुन्या वस्तीची नवी, काळजीपूर्वक मोजणी झाली होती आणि तिच्याप्रमाणे तिथल्या हद्दी काही फुटांनी सरकायला हव्या होत्या. कूलींचं म्हणणं असं की मूळ खुणा नाहीशा झाल्यावर केलेल्या कुठल्याही मोजणीपेक्षा, शेजाऱ्यांनी वर्षानुवर्षं मानलेलं कुंपण हा हद्दीचा अधिक चांगला पुरावा आहे. पुढे 1881 च्या सुमारास त्यांनी सर्व्हेअरांसाठी यावर एक निबंधच लिहिला. इथले सर्व्हेअर तो अजून वाचतात.

आजही मिशिगनचा कायदा सांगतो की दोन्ही शेजाऱ्यांनी पंधरा वर्षं एखादी रेघ हद्द म्हणून मानली, तर ती हद्द होऊ शकते. आजीबाईंचं कुंपण चाळीसहून जास्त वर्षांचं होतं. वकिलाने शांतपणे सांगितलं, "भांडलात तर बहुधा हराल. जिंकलात तरी शेजारी त्याच राहणार आहेत."

रात्री बाबांना फोन केला. त्यांनी पुन्हा हिशेब केला. साडेतीन गुणिले 132, म्हणजे 462 चौरस फूट, म्हणजे गुंठ्यातले जवळपास सात आणे. मग म्हणाले, "सात आण्यांसाठी शेजार घालवू नकोस रे." ते असं का म्हणाले हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याबद्दल पुढे सांगतो.

शेवट असा झाला. आजीबाईंकडे जाऊन कॉफी प्यायलो, नकाशा त्यांना दाखवला. कुंपण हीच हद्द असा लेखी करार घर विकणाऱ्यांनी आणि आजीबाईंनी केला आणि तो कौंटीच्या कचेरीत नोंदवला. त्या साडेतीन फुटांपोटी विकणाऱ्यांनी किंमत थोडी कमी केली. आईची खोली पूर्वेला बसेना, ती मागच्या बाजूला, अक्रोडाच्या झाडाकडे सरकली. मग आम्ही खरेदीवर सह्या केल्या. हे सगळं इतकं सुरळीत झालं कारण त्या दिवशी आम्ही आजीबाईंचे शेजारी नव्हतो, घर घेऊ बघणारे परके होतो. कोणाच्याच मनात काही नव्हतं. हीच मोजणी घर घेतल्यावर, खोलीचा पाया खणताना झाली असती, तर गुलाबी फितीच्या दोन बाजूंना दोन छावण्या पडल्या असत्या.

आता बाबांबद्दल. साताऱ्याकडच्या आमच्या गावी बाबांचं आणि काकांचं घर शेजारी-शेजारी. मध्ये दीड फुटांचा बोळ. तो कोणाचा, या प्रश्नावर दोघे भाऊ नऊ वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. वाटणीपत्रात चतुःसीमा लिहिलेली: बाबांच्या घराच्या पूर्वेस बंधूंचे घर. काकांच्या घराच्या पश्चिमेस? बंधूंचे घर! शेजारी कोण हे कागद सांगतो, रेघ कुठे हे सांगतच नाही. मोजणी झाली, पण भांडण कोर्टात गेल्यावर. तोवर आजी गेली होती.

आपल्याकडच्या गावातल्या घरांची ही जुनी दुखरी जागा आहे. इंग्रजांनी शेतं मोजली कारण सारा शेतांवर होता. गावठाणातल्या घरांवर तो नव्हता, म्हणून नकाशात गावठाणाच्या जागी बहुतेक ठिकाणी कोरा ठिपका राहिला. त्यामुळे गावठाणातल्या घराला सात-बारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो, पण ती करआकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. आता हे बदलतंय. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, आणि 24 एप्रिल 2020 ला केंद्र सरकारने 'स्वामित्व' योजना सुरू केली. गावठाणातल्या घरालाही आता मिळकत पत्रिका मिळते आहे. मला त्यातली सर्वांत आवडलेली गोष्ट ड्रोन नाही. ड्रोन उडण्याआधी घरमालक आणि शेजारी यांच्यासमोर जमिनीवर चुन्याच्या रेघा मारतात, आणि मग ड्रोन वरून त्यांचा फोटो काढतो. आधी माणसांनी रेघ मान्य करायची, मग यंत्राने ती टिपायची. कूलीसाहेब खूष झाले असते!

हल्ली पुण्या-मुंबईचे बरेच जण कोकणात, देशावर जुनी घरं घेतात. माझे दोन मित्र सध्या शोधात आहेत. त्यांना मी एवढंच लिहून पाठवलंय. मिळकत पत्रिका आहे का ते बघा. नमुना आठवर भागवू नका. इसार देण्याआधी, मालकाला भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करायला लावा, फी हवी तर तुम्ही भरा. मोजणीच्या आधी लगतच्या लोकांना नोटिसा जातात. त्या दिवशी स्वतः हजर राहा, आणि शेजारी काय म्हणतात ते मोजणीदाराच्या रोव्हरइतकंच लक्ष देऊन ऐका. तिथे बारा वर्षांचा कब्जा दाखवून हक्क सांगता येतो, हे विसरू नका. नकाशा आणि वहिवाट जुळली तर उत्तम. जुळली नाही तर किंमत बदला, करार करा किंवा घर सोडून द्या. तिन्ही गोष्टी इसार देण्याआधी करता येतात, आणि तेव्हा त्या स्वस्तात होतात.

आणि हो, शेजारच्या घरी चहाला बोलावलं तर नाही म्हणू नका.