पहाऱ्यावरची वीणा

गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. एका वीणेकऱ्याचा पहारा संपला की दुसरा तिला नमस्कार करतो आणि गळ्यात घेतो. रात्री दोनला मंडपात दोघंतिघं जागे असले तरी तिचा षड्ज चालूच. मिरजेची असेल तर अंगचा भोपळा बहुधा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा. म्हणजे शेगावहून गजानन महाराजांच्या पालखीबरोबर पंढरपूरला निघाली की ती खरोखर माहेरच्या वाटेला लागते.

बोलणं मोजकं. तारा चार, आणि त्यांवर बोट दाबायचंच नाही. बासरीवाला भोकं झाकून-उघडून आतल्या हवेची लांबी बदलतो. हिच्या तारांची लांबी ठरलेली. मग खर्ज, म्हणजे खालचा षड्ज, येतो कुठून? तारेच्या वजनातून. लांबी आणि ताण तोच ठेवून सूर एक सप्तक खाली आणायचा तर तार चौपट वजनाची लागते. म्हणून खर्जाला जाड पितळी तार, षड्जाच्या दोन तारांच्या जोडीला बारीक पोलादी. उरलेलं खुंटी पाहते, आणि शेवटची बारीकशी कसर तारेत ओवलेला मणी भरून काढतो.

उन्हाला मात्र ती फार हळवी. उन्हाळ्यात घाटाखाली, शेगाव-मलकापूरकडे, पारा चाळिशी ओलांडतो. तारा तापून सैलावतात आणि वीणा उतरते. पितळ पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे चौघी सारख्या उतरतही नाहीत. त्याच उन्हात बासरी चढते! हवा एक अंशानं तापली की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 0.6 मीटरनं वाढतो. पेटीचे पितळी सूर जवळजवळ जागेवरच राहतात. दुपारच्या भजनात तिघांची तोंडं तीन दिशांना होतात ती यामुळे.

तिचा मान सगळे राखतात, पायाला लागू देत नाहीत. पण पहारे वाटताना कान कुणाला आहे, हे क्वचितच विचारलं जातं, आणि उतरलेली वीणा तासन्‌तास तशीच वाजत राहते. मला ते सोसवत नाही. दर पहाऱ्याला, निदान दुपारच्या तरी, पेटीवरून षड्ज घेऊन ती लावून घ्यावी. आधी जोड, मग पंचम, शेवटी खर्ज. आणि खर्ज ताणला की दांडी किंचित वाकते, जोड पुन्हा उतरते. तेव्हा परत जोडीच्या खुंट्यांकडे यावं.