राजमाचीचे काजवे

काजवा हा भुंगेऱ्यांच्या गणातला कीटक. लँपिरिडी हे त्याचे कुल, आणि या कुलाच्या दोन हजारांहून अधिक जाती जगभरात नोंदल्या गेल्या आहेत. पुढच्या पंखांची जोडी कडक होऊन पाठीवर झाकणासारखी बसलेली, उडण्याचे काम मागच्या पातळ पंखांकडे आणि पोटाच्या शेवटच्या खंडांत दिव्याचा अवयव, ही त्याची ढोबळ ओळख. मावळात तो सर्वाधिक संख्येने दिसतो तो लोणावळ्याच्या उत्तरेस, उल्हास नदीच्या खोऱ्यावर उभ्या असलेल्या राजमाचीच्या परिसरात. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याला उधेवाडी हे गाव आहे. तिथे एक वाट लोणावळ्याहून तुंगार्ली धरणावरून येते, दुसरी कर्जतच्या बाजूने कोंढाणे लेण्यांजवळून चढते. मे महिन्याच्या अखेरीपासून मृगाचा पाऊस नेटाने लागेपर्यंत, म्हणजे साधारण जूनच्या मध्यापर्यंत, या दोन्ही वाटांवरची झाडी रात्री लुकलुकत असते.

हा काळ पावसाशी बांधलेला आहे. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मावळ तालुक्याच्या पूर्वेला तळेगावकडे तो याच्या निम्म्याहूनही खाली येतो. घाटमाथ्यावरची जमीन पावसाळ्यानंतरही बराच काळ ओल धरून ठेवते. काजव्याला पानांपेक्षा, फांद्यांपेक्षा या ओलीची गरज जास्त असते, कारण त्याचे बहुतेक आयुष्य जमिनीवर आणि जमिनीत जाते. झाडावर चमकणारा प्रौढ काजवा एक ते तीन आठवडे जगतो. अनेक जातींचे प्रौढ या दिवसांत जवळपास काही खातही नाहीत. त्याआधीचे कित्येक महिने, काही जातींत वर्षाहून अधिक काळ, तो अळीच्या रूपात काढतो.

अळी हा या कीटकाचा शिकारी अवतार आहे. गोगलगायी, शेंबड्या आणि गांडुळे हे तिचे खाद्य. गोगलगायीने मागे सोडलेल्या चिकट रेषेचा माग काढत अळी तिच्यापर्यंत पोहोचते, पोकळ जबड्यांतून विषारी पाचकरस टोचते, आणि भक्ष्य बधिर होऊन विरघळू लागले की ते शोषून घेते. स्वतःहून कितीतरी मोठी गोगलगाय ती अशा रीतीने संपवते. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या पायवाटांच्या कडेला, दगडी बांधावर किंवा पाचोळ्यात न लुकलुकणारा, सलग मंद हिरवट उजेड दिसला तर तो बहुधा अशा अळीचा असतो. लॅम्प्रिजेरा या प्रजातीच्या अळ्या बोटाएवढ्या होतात. तिच्या माद्यांना प्रौढपणीही पंख फुटत नाहीत, त्यामुळे त्या जन्मभर अळीसारख्याच दिसतात.

अळीला ना जोडीदार शोधायचा असतो, ना कोणाला बोलवायचे असते. मग ती उजळते कशासाठी? याचे उत्तर तिच्या चवीत आहे. काजव्यांच्या अनेक जातींच्या शरीरात कडू, विषारी रसायने असतात. बेल्जियममध्ये बेडकांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले की एकदा अळी तोंडात घेऊन पस्तावलेला बेडूक पुढे चमकणाऱ्या भक्ष्याला तोंड लावायला कचरतो. अमेरिकेत 2018 साली वटवाघळांवर असाच प्रयोग झाला. दिवा रंगाने झाकलेले काजवे टाळायला शिकण्यास वटवाघळांना चमकत्या काजव्यांपेक्षा जास्त वेळ लागला. सध्याच्या काजव्यांच्या वंशवृक्षावरून निघणारा निष्कर्षही याला पूरक आहे. या कुलात प्रकाश आधी अळ्यांमध्ये, धोक्याची खूण म्हणून आला आणि प्रौढांनी तो नंतर प्रणयासाठी वापरला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. राजमाचीला पाहायला मिळणारा सोहळा हा मूळच्या एका ‘दूर राहा’ या इशाऱ्याचा फार पुढचा उपयोग आहे.

प्रकाश कसा तयार होतो, याचा पहिला धागा फ्रेंच शास्त्रज्ञ राफाएल द्युब्वा यांनी 1885 ते 1887 या काळात पकडला. त्यांनी काम केले ते काजव्यावर नव्हे, तर चमकणारा एक उडता भुंगेरा आणि एक समुद्री शिंपला यांवर. उजेड देणारा अवयव थंड पाण्यात कुटला की अर्क काही वेळ चमकून विझतो. दुसरा अवयव गरम पाण्यात टाकला की त्याचाही उजेड जातो. हे दोन विझलेले अर्क एकत्र केले की मात्र पुन्हा प्रकाश पडतो. यावरून त्यांनी ताडले की इंधन एक आहे आणि ते पेटवणारे विकर दुसरे. इंधनाला ल्युसिफेरिन आणि विकराला ल्युसिफरेज ही नावे त्यांनीच दिली. 1947 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम मॅकेलरॉय यांनी काजव्याच्या बाबतीत आणखी एक घटक दाखवून दिला: एटीपी, म्हणजे प्रत्येक सजीव पेशी ऊर्जेची देवघेव करण्यासाठी वापरते तो रेणू. ल्युसिफेरिन एटीपीच्या मदतीने सक्रिय होते, त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो, आणि उत्तेजित झालेला रेणू मूळ स्थितीत येताना प्रकाशकण सोडतो. या कामासाठी मॅकेलरॉय यांना इतके काजवे लागत की ते बाल्टिमोरच्या मुलांना शंभर काजव्यांमागे पंचवीस सेंट देत.

काजव्याचा प्रकाश शंभर टक्के कार्यक्षम असतो, हे वाक्य शालेय पुस्तकांपासून सहलीच्या जाहिरातींपर्यंत सगळीकडे आढळते. त्याचा उगम 1960 मधल्या एका मोजणीत आहे. त्या मोजणीनुसार शंभर रेणूंच्या अभिक्रियेतून सुमारे 88 प्रकाशकण मिळत होते. पुढे 2008 मध्ये जपानी संशोधकांनी अधिक अचूक उपकरणांनी हाच आकडा पुन्हा मोजला तेव्हा तो 41 निघाला. तरीही हा प्रकाश ‘थंड’ आहे हे खरेच. साधा तारेचा बल्ब बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपात गमावतो. काजव्याच्या दिव्याला हात लावला तर ऊब जाणवत नाही. पण शंभर टक्क्यांचे विधान आता पुस्तकांतून काढायला हवे.

दिवा लावणे एक, तो क्षणात विझवणे दुसरे. काजव्याच्या मेंदूकडून येणारे चेतातंतू उजेड देणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचतच नाहीत. ते हवा वाहून नेणाऱ्या नलिकांच्या टोकाशी थांबतात. मग संदेश आत पोहोचतो कसा, ही अडचण बरीच वर्षे सुटली नव्हती. 2001 मध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या गटाने तिचे उत्तर सुचवले, आणि त्यात नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू कळीचा ठरला. प्रकाशपेशींच्या कडेला तंतुकणिकांची दाट रांग असते. एरवी आत येणारा ऑक्सिजन त्याच गिळून टाकतात आणि पेशीच्या आतल्या ल्युसिफेरिनपर्यंत काही पोहोचत नाही. चेतेचा संदेश आला की नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, तंतुकणिकांचे श्वसन क्षणभर थोपवतो, आणि वाट मोकळी झालेला ऑक्सिजन आत जाऊन दिवा पेटतो. वायू विरला की पहारा पुन्हा सुरू. माणसाच्या रक्तवाहिन्या सैल करणारा वायूही हाच आहे.

आशियात मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या ल्युसिओलिनी या उपकुलात नराच्या पोटाचे दोन खंड उजळतात, मादीचा एकच. उडणारा किंवा फांदीवर बसलेला नर ठरावीक नमुन्याने चमकतो आणि मादी तिच्या जातीच्या वेळापत्रकाने उत्तर देते. नमुना, त्यातले अंतर आणि रंग यांवरून जाती एकमेकींना ओळखतात. हवा गरम असली की लुकलुक वेगाने होते. जपानातल्या गेंजी काजव्याच्या बाबतीत एकाच जातीत प्रादेशिक बोलीही आहेत: पूर्व जपानात तो सुमारे चार सेकंदांनी चमकतो, पश्चिमेत दोन सेकंदांनी.

जिथे भाषा आहे तिथे फसवणूकही आहे. अमेरिकेतल्या फोट्युरिस प्रजातीच्या माद्या दुसऱ्या जातीच्या मादीच्या उत्तराची हुबेहूब नक्कल करतात, आणि आशेने उतरलेल्या नराला खाऊन टाकतात. जेम्स लॉइड यांनी 1965 मध्ये हे उघड केले. या खाण्यातून मादीला पोटभर अन्नाबरोबर नराच्या अंगातले विषही मिळते, जे ती स्वतः तयार करू शकत नाही. 2024 मध्ये चीनमधून आलेले निरीक्षण याहून चमत्कारिक आहे. तिथल्या एका कोळ्याच्या जाळ्यात अ‍ॅब्सकॉन्डिटा प्रजातीचा नर अडकला की तो नरासारखा दोन खंडांनी, अनेक स्पंदांत चमकायचे सोडून मादीसारखा एकाच खंडाने, एकेका स्पंदाने चमकू लागतो, आणि त्याला मादी समजून आणखी नर येऊन जाळ्यात पडतात. हा बदल कोळी जवळ असतानाच ठळकपणे दिसतो. अ‍ॅब्सकॉन्डिटाच्या जाती भारतातही आहेत.

राजमाचीला जाणाऱ्यांना सर्वांत जास्त थक्क करते ती मात्र एकतालाची लुकलुक. एका झाडावरचे शेकडो नर जवळपास एकाच वेळी उजळतात, विझतात, आणि कधी ही लाट शेजारच्या झाडांवर सरकत जाते. या घटनेचे प्रसिद्ध जुने वर्णन एंगेलबर्ट केम्फर या जर्मन वैद्याने केले आहे. 1690 मध्ये सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, नदीतून जाताना त्याने ते पाहिले. पुढची दोनशे-सव्वादोनशे वर्षे पाश्चात्त्य विज्ञानाने अशा वर्णनांवर विश्वास ठेवायला कां-कूं केली. 1917 मध्ये फिलिप लॉरेंट यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिले की हा एकताल पाहणाऱ्याच्या पापण्यांच्या उघडझापेतून निर्माण होतो. कीटकांत तो असणे निसर्गनियमांविरुद्ध आहे, असेही त्यांनी म्हटले. थायलंडच्या नदीकाठच्या किंवा सह्याद्रीतल्या गावकऱ्याला विचारले असते तर हा वाद तेव्हाच मिटला असता. 1960 च्या दशकात जॉन आणि एलिझाबेथ बक या दांपत्याने थायलंडमध्ये पकडलेले काजवे बँकॉकच्या हॉटेलातल्या अंधाऱ्या खोलीत सोडले. भिंतींवर बसलेले काजवे थोड्या वेळाने दोन-तीनच्या गटांत जुळवून घेऊ लागले, आणि पुढे अधिक जण त्यांत सामील झाले. म्हणजे नदी, वारा, चंद्र यांपैकी कशाचीही गरज नव्हती. ताल धरायला शेजारच्याचा उजेड पुरेसा होता.

संचालक नसताना हे कसे जमते, याचे गणित हृदयातून आले. हृदयाचे ठोके पाडणाऱ्या हजारो पेशी एकत्र कशा येतात याचे प्रतिमान चार्ल्स पेस्किन यांनी 1975 मध्ये मांडले होते. सावकाश भरत जाणाऱ्या आणि काठोकाठ भरताच एकदम रिकाम्या होणाऱ्या अनेक भांड्यांची कल्पना करावी. एक रिकामे झाले की बाकीच्यांत थोडी भर पडते. जे भरत आले होते ते त्याच्याबरोबरच सांडते, आणि एकदा बरोबर सांडलेली दोन भांडी पुढे बरोबरच राहतात. रेनॅटो मिरोलो आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी 1990 मध्ये सिद्ध केले की सारखी आणि परस्परांशी जोडलेली अशी कितीही भांडी असली, तरी सुरुवात कशीही झाली तरी जवळजवळ नेहमी शेवट एकतालातच होतो. अलीकडे कोलोरॅडो विद्यापीठाच्या ओरिट पेलेग आणि राफाएल सार्फाती यांनी ग्रेट स्मोकी पर्वतातले काजवे काळ्या तंबूत सोडून टिपले, तेव्हा या चित्रात एक मोलाची दुरुस्ती झाली. तिथल्या जातीचा एकटा नर ठरावीक अंतराने चमकतच नाही. नियमित लय गटात संख्या वाढली की उमटते. त्या जातीत एकेका काजव्यात घड्याळ शोधणे व्यर्थ आहे, घड्याळ घोळक्याचे आहे.

ल्युसिफरेज या विकराचा उपयोग प्रयोगशाळेने करून घेतला नसता तरच नवल. त्याचे जनुक 1985 मध्ये वेगळे केले गेले. पुढच्याच वर्षी ते घातलेले तंबाखूचे रोप चमकल्याचे छायाचित्र गाजले. आता काजवे पकडावे लागत नाहीत, जीवाणू हे विकर तयार करतात. एटीपी फक्त सजीव पेशींतून येत असल्याने दूधप्रक्रिया केंद्रात किंवा शस्त्रक्रियेच्या खोलीत पुसलेल्या पृष्ठभागावर जीवाणू किंवा अन्नाचे कण उरलेत का, हे या प्रकाशाच्या तीव्रतेवरून मिनिटभरात कळते.

काजव्यांवरच्या संकटांचा आढावा घेणाऱ्या 2020 मधल्या जागतिक पाहणीत तज्ज्ञांनी अधिवासाचा नाश, कृत्रिम उजेड आणि कीटकनाशके ही तीन कारणे आघाडीवर ठेवली. मावळात तिन्ही हजर आहेत. पवन मावळात पवना धरणाच्या काठाने तंबू आणि बंगले उभे राहिले, त्यांच्या दिव्यांच्या माळा रात्रभर जळतात. उन्हाळ्यात डोंगरउतारांवर लागणारे वणवे पाचोळ्यातल्या अळ्या आणि कोष भाजून काढतात, आणि झाडे नंतर पालवली तरी त्या वर्षीची पिढी गेलेली असते. भातखाचरांच्या बांधांवर तणनाशक आणि गोगलगायींसाठीची विषारी आमिषे पडली की अळीचे खाद्यच संपते. सहलींमुळे होणारे नुकसान वेगळे आहे. अनेक जातींत मादी झाडाखालच्या गवतात किंवा पाचोळ्यात अंडी घालते, आणि नेमक्या तिथेच छायाचित्रासाठी गर्दी उभी असते.

उजेडाच्या रंगाबाबत एक निष्कर्ष अपेक्षेच्या उलट आला आहे. वन्यजीवांना कमी त्रास व्हावा म्हणून पिवळसर, अंबर रंगाचे दिवे सुचवले जातात. अमेरिकेतल्या अ‍ॅव्हलॉन ओवेन्स आणि सारा लुईस यांनी काजव्यांच्या माद्यांवर वेगवेगळ्या रंगांचे दिवे तपासले, तेव्हा सर्वाधिक व्यत्यय तेजस्वी अंबर प्रकाशानेच आणला. त्यात माद्यांनी नरांना उत्तर देणे बहुतांशी थांबवले. काजव्याचा डोळा त्याच्या स्वतःच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो, त्यामुळे नेमक्या त्या पट्ट्याजवळचा उजेड त्याला आंधळा करतो. लाल आणि निळ्या रंगाचा परिणाम कमी होता. राजमाचीच्या वाटेवर गाड्यांचे अंबर रंगाचे इंडिकेटर लुकलुकत ठेवणे हे म्हणूनच मोठ्या दिव्याहून निरुपद्रवी नव्हे. विजेरीची गरज पडलीच तर तिच्या काचेवर लाल कागद बांधून ती जमिनीकडे रोखावी, मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवावा, आणि पायवाट सोडून झाडाच्या बुंध्याशी जाऊ नये.