आम्ही जुनी गाडी घेतो

आमच्या घराण्यात चार चाके म्हटली की बैलगाडीची दोन आणि अण्णांच्या लुनाची दोन, एवढाच हिशेब. लुना म्हणजे आपल्या नगरचेच लेकरू. १९७२ साली ती बाजारात आली आणि पुढे कित्येक वर्षे दौंड रस्त्यावरच्या कारखान्यातून बाहेर पडत राहिली. इंजिन पन्नास सी. सी.चे, पण त्यावर अण्णांनी दुधाच्या दोन किटल्या, पेंडीचे पोते आणि प्रस्तुत लेखिका एवढे सगळे एकाच खेपेत वाहिले आहे. तेव्हा अण्णांनी "आता मोटार घ्यायची" असे जाहीर केले, त्या दिवशी आजीने पहिला प्रश्न केला, "कुणाची सोयरीक जमली?"

सोयरीक जमली नव्हती. गेल्या भाद्रपदात रात्री दीड वाजता अण्णांच्या छातीत कळ आली होती. गावात भाड्याच्या दोनच जीपा. एक पंढरपूरला गेलेली, दुसरीचा ड्रायव्हर काही केल्या उठेना. करंजीचा घाट ओलांडून नगर गाठेपर्यंत उजाडत आले. डॉक्टर म्हणाले, "अजून अर्धा तास उशीर झाला असता तर..." ते वाक्य त्यांनी पुरे केले नाही. आमच्या घरात ते अजून तसेच अर्धे पडून आहे.

एस. टी.वर माझा राग नाही. महाराष्ट्रातली पहिली एस. टी. १ जून १९४८ रोजी पुण्याहून सुटली ती आपल्या नगरलाच आली, आणि माझी तीन वर्षांची पदवी तिच्याच पासावर चालली आहे. पण रात्री दीडला एस. टी. नसते.

अण्णांना गाडी चालवायची मनाई झालेली, भाऊ नववीत. म्हणजे चालवणार कोण? मी! यावर भावकीत जे काही बोलले गेले ते वार्षिक अंकात छापण्याजोगे नाही. मी मात्र तारकपूरजवळ सकाळी सहाच्या वर्गाला जाऊन शिकले आणि परवाना काढला. पैशांचे गणित असे : नेप्तीच्या बाजारात गेलेला कांदा, आणि एक गाय. मिळून दोन लाखांच्या आत. गायीविषयी अधिक लिहीत नाही. आई हा अंक वाचणार आहे.

दोन लाखांत मिळते ती जुनीच गाडी. अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी अकरलॉफ या अमेरिकन पंडिताचा १९७० सालचा निबंध सांगितला होता, तो तेव्हा आठवला. तिकडे आतून बिघडलेल्या गाडीला 'लिंबू' म्हणतात म्हणे. विकणाऱ्याला गाडीचे पोट ठाऊक, घेणाऱ्याला फक्त तिचा रंग. मग घेणारा प्रत्येक गाडीला लिंबूच धरून भाव पाडतो, आणि चांगल्या गाडीचा मालक बाजारातून उठून जातो. या विचाराला पुढे २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आपल्याकडे मात्र गाडी घेतल्यावर आपणच तिला लिंबू बांधतो!

पहिली गाडी पाहिली ती लालचुटूक. गादीला नवे कव्हर, आत गाणी, मीटरवर अवघे बेचाळीस हजार किलोमीटर. खरे सांगायचे तर मी तिच्या प्रेमात पडले. सोबत आमच्या ट्रॅक्टरचे मिस्त्री होते, त्यांना आम्ही मामा म्हणतो. त्यांनी गाडीकडे पाहिलेच नाही. आधी बॉनेटवर तळहात ठेवला. गरम! "आम्ही येणार म्हणून आधीच चालू करून ठेवली होती काय?" मामा म्हणाले. गार इंजिन पहिल्या फेरीत कसे बोलते ते ऐकायचे असते, आणि नेमके तेच आमच्यापासून लपवले होते.

मग त्यांनी मला खाली वाकवले. "ताई, ब्रेकच्या पायडलचं रबर बघ." ते घासून गुळगुळीत झाले होते. बेचाळीस हजारांत एवढे झिजत नाही. मीटर मागे फिरवलेला असावा. त्यांनी खिशातून लोहचुंबक काढले. दारावर ते टकदिशी चिकटले, मागच्या पत्र्यावरून घसरून पडले. तिथे पत्र्यावर पुट्टीचा थर होता. गाडी केव्हातरी ठोकलेली. तेलाचे झाकण उघडले तर आत ताकासारखा पांढरट फेस. म्हणजे तेलात पाणी शिरले असण्याची शंका. आणि रेस दिल्यावर मागून निळसर धूर. काळा धूर परवडला, पेट्रोल जास्त जाते एवढेच. निळा म्हणजे इंजिन तेल पिते आहे. मालक म्हणाला, "घ्या, दहा हजार कमी करतो." अण्णांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. परत येताना मात्र चांदबिबीच्या महालापर्यंत मी कुणाशी बोलले नाही.

आणखी तीन गाड्या पाहिल्या, त्यांत सांगण्यासारखे काही नाही.

पाचवी गाडी एका निवृत्त गुरुजींची. पांढरी अल्टो, २०१२ सालची. रंग उडालेला, डाव्या दारावर ओरखडा. गुरुजी म्हणाले, "तो ओरखडा माझा. आता संध्याकाळचं दिसत नाही, म्हणून विकतोय." त्यांनी एक शंभर पानी वही पुढे केली. तेल कधी बदलले, टायर कधी, क्लच कधी, सगळे शुद्धलेखनासह! गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. तीन सिलिंडरांची थरथर तेवढी होती. ती त्या इंजिनाची जातच.

मामांनी कागद मागितले. पुस्तकावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीशी ताडून पाहिला. बँकेचा बोजा उतरलेला. नोंदणी पंधरा वर्षांची असते, तेव्हा २०२७ साली नूतनीकरणाचा खर्च येणार, तोही गुरुजींनी आपण होऊन सांगितला. भाव एक लाख साठ हजार. अण्णांनी सवयीने दीड म्हटले. गुरुजी म्हणाले, "वही वाचा, मग बोला." अण्णांनी वही वाचली आणि पुढे काही बोलले नाहीत.

किल्ली मात्र त्यांनी लगेच दिली नाही. आधी एकोणतीस आणि तीस नंबरच्या फॉर्मांवर सह्या, मग आर. टी. ओ., मग किल्ली. अण्णांना हे अविश्वासाचे वाटले. गुरुजी म्हणाले, "पाटील, पुस्तकावर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्या गळ्यात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तसंच म्हटलंय. उद्या पोरीनं कुणाला धक्का दिला तर मी कुठं जाऊ?" मला राग आला. नंतर वाटले, ज्याने एवढे स्पष्ट सांगितले त्याने वहीत तरी काय लपवले असेल?

गेल्या महिन्यात अण्णांना तपासणीसाठी मीच नगरला नेले. आजीने बॉनेटला लिंबू-मिरची बांधली. मी काही बोलले नाही. अण्णा शेजारी बसले होते, एक हात दाराच्या मुठीवर. तिसगाव गेले, करंजी गेली, तरी त्यांच्या तोंडून अक्षर नाही. घाटाच्या चढावर समोर उसाचा ट्रक आला आणि माझी गाडी दमू लागली.

"दुसऱ्यात टाक," अण्णा म्हणाले.

मी टाकली. त्यांनी मुठीवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि काच खाली केली.