हरवलेल्यांचं भलं होवो

ज्यांना आपण हरवलं त्यांनी पुढे जिंकत राहावं, असं मनापासून वाटायला लावणारा खेळ माझ्या पाहण्यात एकच आहे: अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल. नोव्हेंबरात आपल्या विद्यापीठाने कुणाला तरी हरवलेलं असतं. सामना त्या रात्री संपतो, पण त्याची किंमत मार्चपर्यंत वरखाली होत राहते. हरलेला संघ पुढे जिंकत गेला तर आपला विजय वजनदार होतो, तो ढेपाळला की आपलाही विजय हलका पडतो.

नागपुरात वाढताना असला हिशेब मला ठाऊक नव्हता. शाळेच्या सिमेंटच्या कोर्टावरून घामाघूम होऊन घरी आलो की बाबा पेपरातून डोकं वर न काढता विचारायचे, "जिंकले का हरले?" समोर कोण होतं, कोर्ट कुणाचं होतं, हे सांगायला लागलो की म्हणायचे, "ते राहू दे, निकाल सांग." गुणपत्रिकेचंही तेच. पेपर अवघड होता, हे आमच्या घरात कारण नव्हे, सबब होती.

पुढे शिकायला कॅन्ससमधल्या लॉरेन्सला आलो. तिथलं ॲलन फील्डहाउस १९५५ सालचं. आत शिरल्याशिवाय त्या गोंगाटाची कल्पना येत नाही. तिथे येऊन हरणाऱ्या पाहुण्यांना कुणी फारसा दोष देत नसे. आमच्या लॅबमधला एक सीनियर मला आरपीआय शिकवत असे. राष्ट्रीय स्पर्धेसाठी संघ निवडणारी समिती १९८१पासून हे कोष्टक वापरत होती. त्यात स्वतःच्या जिंकण्या-हरण्याला फक्त पाव वाटा, प्रतिस्पर्ध्यांच्या कामगिरीला अर्धा आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना उरलेला पाव. फोनवर हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे रुपयातले बारा आणे दुसऱ्याच्या कर्तृत्वाचे? हा कुठला न्याय?"

मला मात्र तो न्याय पटत चालला होता. २००४-०५च्या हंगामापासून त्यात आणखी एक गोष्ट आली. घरच्या कोर्टावरच्या विजयाचं वजन ०.६, परक्या कोर्टावरच्या विजयाचं १.४. पराभवाला नेमकं उलट: घरी हरलात तर १.४, बाहेर हरलात तर ०.६. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. मीटिंगमध्ये माझा विनोद कुणाला कळत नसे आणि त्यांचा मला. साधं प्रेझेंटेशन धड पार पडलं तरी मी मनातल्या मनात १.४ने गुणत असे. वर्षाच्या शेवटी साहेब जो शेरा देत, त्यात अशा गुणाकाराला जागा नव्हती.

मग आरपीआय जाऊन २०१८-१९पासून नेट नावाची क्रमवारी आली. आरपीआयला एका गुणाने जिंकलं काय नि तीसने काय, सारखंच होतं. नेटमध्ये दर पझेशनमागे किती गुण केले नि किती दिले, हेही मोजलं जातं. समितीपुढच्या कागदावर प्रत्येक सामना चारपैकी एका क्वाड्रंटमध्ये बसवलेला असतो. क्रमवारीत साठाव्या संघाला आपल्या गावात हरवलं तर दुसरा क्वाड्रंट, त्याच्या गावी जाऊन हरवलं तर पहिला. आणि तो संघ घसरत ऐंशीवर गेला, की तोच जुना सामना आपसूक एक पायरी खाली उतरतो.

पराभवांचंही असंच होतं, हे मला व्हर्जिनियाने दाखवलं. मार्च २०१८मध्ये देशातला अव्वल मानांकित हा संघ पहिल्याच फेरीत यूएमबीसीकडून ५४-७४ असा हरला. पहिल्या मानांकनाच्या संघाने सोळाव्याकडून हरणं पुरुषांच्या स्पर्धेत त्याआधी कधी घडलंच नव्हतं. पुढच्याच वर्षी तोच प्रशिक्षक आणि बरेचसे तेच खेळाडू राष्ट्रीय विजेते झाले. एरवी नुसती नामुष्की म्हणून उरला असता तो सामना आता त्या विजेतेपदाच्या कथेचं पहिलं प्रकरण म्हणून सांगितला जातो.

माझी लेक शाळेच्या संघातून खेळते. एका सामन्यात त्यांचा धुव्वा उडाला. घरी येताना गाडीत अवाक्षर नाही. पण त्यानंतर ती त्या दुसऱ्या शाळेचे निकाल बघत राहिली आणि त्या मुली जिंकत गेल्या तसतशी खुलत गेली. तिला मी काहीच शिकवलं नव्हतं.

अर्थात कधीतरी वही मिटावीच लागते. समिती ती मार्चमधल्या एका रविवारी मिटते. २०२४मध्ये इंडियाना स्टेटने २८ सामने जिंकले होते, फक्त ६ हरले होते, नेटमध्ये पहिल्या तिसात होते. तरी ६८ संघांत त्यांना जागा मिळाली नाही. पहिल्या क्वाड्रंटमधले विजय कमी पडले. पण बडी विद्यापीठं अशा संघाच्या गावी खेळायला सहसा जात नाहीत, मग ते विजय त्याने आणायचे कुठून? पुढच्याच हंगामात समितीच्या कागदावर नवा आकडा आला. तो विचारतो: हेच सामने, याच ठिकाणी, प्रवेशाच्या काठावरच्या एखाद्या संघाला खेळायला लावले असते तर त्याने किती जिंकले असते? तुम्ही त्याहून किती जास्त जिंकलात? साहेबांच्या शेऱ्यात मी वर्षानुवर्षं शोधत होतो तो प्रश्न हाच.

लॉरेन्सच्या त्या कोर्टाला जेम्स नेस्मिथ यांचं नाव आहे. १८९१मध्ये स्प्रिंगफील्डला त्यांनी हा खेळ काढला आणि १८९८मध्ये ते कॅन्ससला आले. प्रशिक्षक म्हणून त्यांची नोंद ५५ विजय, ६० पराभव. त्या विद्यापीठाच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा जास्त हरलेला प्रशिक्षक हा एकच. त्यांच्या हाताखाली खेळलेले फॉग ॲलन पुढे तिथेच प्रशिक्षक झाले. ॲलन यांच्या संघांतून आलेल्या अडॉल्फ रप यांनी प्रशिक्षक म्हणून ८७६ सामने जिंकले आणि डीन स्मिथ यांनी ८७९. आरपीआय दोन पायऱ्या पुढचं बघायचा. नेस्मिथांच्या बाबतीत तेवढं तरी बघावंच लागतं. आणि ते ६० पराभव? त्यांना हरवणारा प्रत्येक संघ त्यांनीच काढलेला खेळ खेळत होता. हरवणारे जितके चांगले, तितका हा माणूस मोठा.