तीन जण असताना शो नसतो

गंजिफेवरच्या धाग्यानंतर अनेकांनी विचारले होते की तीन पत्तीचा इतिहास कधी लिहिणार. लिहायचे टाळत होतो, कारण त्या इतिहासाच्या एका कोपऱ्यात मी स्वतः बसलेलो आहे.

आधी वंशावळ. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. पुढे सावंतवाडीत रुजलेल्या दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि १२० पाने असतात. कोणती पाने पडून गेली हे ज्याच्या स्मरणात राहील, त्याची त्या खेळात सरशी होते. तीन पत्तीचे कूळ निराळे. तिचे जवळचे नाते इंग्लंडच्या ब्रॅगशी आहे. एडमंड हॉइलने १७५१ मध्ये ब्रॅगवर छोटी पुस्तिकाच लिहिली होती. पोकरप्रमाणेच येथेही हातातल्या पानांइतकेच महत्त्व त्यांवर लावलेल्या पैशाला असते.

आता सापगाव. शहापूर तालुक्यातले, भातसेकाठचे माझे आजोळ. दोन वर्षांपूर्वी आवण्या उरकल्या होत्या, गोकुळाष्टमीचे जागरण होते आणि ओटीवर आम्ही सहा जण गोल करून बसलो होतो. खिशात महिन्याच्या मेसचे पैसे होते. मला राण्यांची जोडी आली.

बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० संच होतात. राण्यांच्या जोडीहून वरचढ असे त्यांत साधारण २,४९२ निघतात, म्हणजे शंभरात अकरा. समोर एकच गडी असता तर दहापैकी जवळपास नऊ वेळा मी पुढे असतो. पण गडी पाच होते. पाचांपैकी कोणाकडेच वरचढ पाने नसण्याची शक्यता शंभरात पंचावन्नच्या आसपास उतरते. त्यातून कच्ची पाने असलेले लवकर पॅक होतात आणि जे टिकतात ते उगाच टिकत नाहीत. हे गणित मी नंतर मांडले. त्या रात्री मला केवळ दोन राण्या दिसत होत्या.

तिघे पॅक झाले. उरलो मी, एक टेम्पोवाले दादा आणि मामा. मामांनी पानांना हातही लावला नव्हता. ते ब्लाइंड खेळत होते. पाने पाहिलेल्याने ब्लाइंडच्या दुप्पट चाल द्यायची, हा नियम. मामा पन्नास टाकत, तेव्हा आम्हा दोघांना शंभर मोजावे लागत. मामांनी शंभर केले, आमचे दोनशे झाले. पोकरमध्ये शेवटची बोली झाली की उरलेले सारेच पाने उघडतात. तीन पत्तीत दोघेच उरेपर्यंत शो मागता येत नाही. साइड शो मागावा तर तो आपल्या आधी चाल देणाऱ्याकडे, आणि त्यानेही पाने पाहिलेली हवीत. माझ्या आधी बसले होते मामा!

दादांच्या आधी मात्र मी होतो. ते माझ्याकडे साइड शो मागू शकत होते. त्यांनी तो एकदाही मागितला नाही. प्रत्येक चालीआधी ते माझ्या हातातल्या नोटांकडे पाहत, हे मला फार उशिरा ध्यानात आले.

“मामा, शो देता का?”

“तिघं असताना शो नसतो रे. पैसे घाल, नाहीतर पॅक हो.”

दोन हजार आठशे रुपये गेल्यावर मी राण्या पालथ्या टाकल्या. मग दोघांचा शो झाला. मामांचे मोठे पान गुलाम. दादांकडे सत्त्यांची जोडी. डाव दादांनी ओढून घेतला.

१८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतो. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवले आणि त्याच निकालात तीन पानांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा म्हटले. ग्रंथालयात तो निकाल वाचताना मी बराच वेळ त्या ओळीवर थांबलो. पाने नशिबाने येतात, हे खरेच. पण त्या रात्री ओटीवरची सर्वोत्तम पाने माझ्याच हातात होती. कौशल्य दादांकडे होते, असे मला आजही वाटते. मात्र ते चालले माझा खिसा उथळ होता म्हणून. अशा कौशल्याला कायद्याने संरक्षण द्यावे, असे मी म्हणणार नाही.

मेसचे पैसे मी आईकडून पुन्हा घेतले, पुस्तकांसाठी हवेत असे सांगून. कोणती पुस्तके, असे तिने विचारले. मी दोन नावे सांगितली. ती दोन्ही मी ग्रंथालयातून आणून, पुढच्या सुट्टीत तिला दाखवायला घरी घेऊन गेलो होतो.